अमेरिकेची नोकरी मिहानमध्ये आली, मग पगार साडेचार लाखच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ निवृत्त प्राध्यापक, राहणार मानेवाडा, नागपूर. मुलगी मिहानमधल्या (विमानतळालगतचा औद्योगिक पट्टा) एका कंपनीत अमेरिकी आरोग्य विम्याचे क्लेम तपासते. संध्याकाळी कॅबने जाते, पहाटे परतते. अमेरिकेत असलेला भाचा फोनवर म्हणतो, "मामा, तुमच्याकडच्यांनी इथल्या लोकांच्या नोकऱ्या नेल्या." यांचं म्हणणं असं की नेल्या असतील तर त्या नोकरीचा पगार आमच्या घरी का आला नाही? तिकडच्याचं घर बसलं, आमचं जेमतेम उभं राहिलं, मग मधला पैसा गेला कुठे? आणि उद्या हेच काम इथूनही उठलं तर?

काकाजी, तिकडचं काम उचलून इकडे आणून बसवायचं हाच माझा धंदा आहे. आमच्यात त्याला ट्रान्झिशन म्हणतात. आधी पुण्यात केलं, आता नागपुरात करते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे कागद माझ्या हातून जातात. तुमचा भाचा खोटं बोलत नाही आणि तुम्हीही चुकीचं विचारत नाही. फक्त "त्यांचं गेलं, आपल्याला मिळालं" असा देशादेशांत हिशेब मांडला की तो जुळत नाही. नोकरी आहे तशी उचलून येतच नाही. तिचे तुकडे होतात आणि एकेक तुकडा वेगवेगळ्या खिशात जातो.

आकडे गोल धरते, पण असल्या करारांत ते याच्याच आसपास असतात. अमेरिकेतल्या क्लेम तपासणीसाचा खर्च, म्हणजे पगार, विमा, सुट्ट्या, मालकाने भरायचे कर असं सगळं मिळून, तासाला ३० डॉलर समजा. महिन्याचे १६० तास, म्हणजे ४,८०० डॉलर. तेच काम इथली कंपनी तासाला १२ डॉलरने घेते. महिन्याचे झाले १,९२० डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर १ लाख ६३ हजार रुपये. तुमच्या मुलीचा सीटीसी (कंपनीचा तिच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) साडेचार लाख, म्हणजे महिन्याला साडेसदतीस हजार. डॉलरमध्ये ४४१. त्यातून पीएफ, व्यवसाय कर वगैरे कापून हातात ३२-३३ हजार येतात.

आता पाहा. ४,८०० पैकी २,८८० डॉलर अमेरिकेतून हललेच नाहीत. ते तिथल्या विमा कंपनीकडे राहिले. त्यातून थोडी रक्कम काम लांबून सांभाळायला ठेवलेल्या माणसांवर जाते, थोडी प्रीमियम कमी ठेवण्यात जाते (स्पर्धा असेल तरच), आणि बाकीची भागधारकांकडे. उरलेल्या १,९२० मधले ४४१ मुलीचे, आणि बाकीचे १,४७९, म्हणजे सव्वा लाख रुपये, इथल्या कंपनीचे. तो आकडा ऐकून डोकं भणभणतं, मला कल्पना आहे. पण त्यात टीम लीडर, क्वालिटीवाले, ट्रेनर, कॅब, इमारतीचं भाडं, सॉफ्टवेअरचे परवाने, तिकडे बसलेला सेल्सवाला, काम सुरू होण्याआधीच्या महिन्यांचे पगार, आणि सोडून गेलेल्यांच्या जागी नवे लोक शिकवण्याचा खर्च हे सगळं येतं. मोठ्या भारतीय आयटी कंपन्यांकडे शेवटी शंभरातले वीसच्या आगेमागे नफा म्हणून उरतात. वाईट धंदा नाही, पण शंभरचे शंभर कोणी गिळत नाही.

मुलीचा वाटा एवढा लहान का, याचं उत्तर तिच्या कामात नाही, दारात उभ्या असलेल्या रांगेत आहे. पगार कामाच्या मोलावर ठरत नाही. तेच काम आणखी किती जण करायला तयार आहेत यावर ठरतो. २०१०-११ च्या सुमारास मोठ्या आयटी कंपन्या फ्रेशरला सव्वातीन-साडेतीन लाख देत होत्या. आजही बहुतेक फ्रेशरची सुरुवात तिथेच कुठेतरी होते, आणि मधल्या काळात महागाई जवळपास दुप्पट झाली. नागपूरबाबत आणखी एक गोष्ट कंपन्या उघड बोलत नाहीत, पण एक्सेलमध्ये ती असते: इथली मुलं आईबापाच्या घरी राहतात. पुण्यात तेवढ्याच पगारातून हिंजवडीचं भाडं भरावं लागतं, म्हणून मुलगा वर्षभरात दुसरी नोकरी शोधतो. इथे रात्रीचा डबा घरून येतो, म्हणून तो टिकतो. म्हणजे तुमच्या घरातली एक खोली आणि काकूंचा स्वयंपाक त्या १२ डॉलरच्या दरात धरलेला आहे. त्याचं बिल मात्र तुम्ही कोणाला पाठवत नाही.

तरी तुलना खरी करायची तर ती अमेरिकेतल्या पगाराशी नको, नागपुरातल्या दुसऱ्या पर्यायाशी करा. बीएस्सी झालेल्या मुलीला इथली खासगी शाळा काय देते, डॉक्टरच्या क्लिनिकमध्ये किंवा कंत्राटी कारकुनीत काय मिळतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. त्यापुढे ३२ हजार, पीएफ आणि आईवडिलांसह मेडिक्लेम हे पुष्कळ वरचं आहे. बी.फार्म. आणि बीएस्सी झालेल्या कितीतरी मुली मेडिकल कोडिंगमध्ये (आजार-उपचारांना बिलासाठी ठरलेले कोड देण्याच्या कामात) शिरल्या म्हणून घरातल्या लग्नाच्या बोलण्यांत त्यांचा आवाज चढला, हे मी डोळ्यांनी पाहते. राहणीमानात हेही धरावं लागतं.

आता भाच्याची बाजू. २००३ मध्ये मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या संशोधन विभागाने एक अहवाल काढला होता आणि आमच्या धंद्यातले लोक वर्षानुवर्षं तो स्लाइडवर लावत आले. त्याचं सार असं की अमेरिकी कंपनीने भारतात पाठवलेल्या प्रत्येक डॉलरमागे अमेरिकेला १.१२ ते १.१४ डॉलर परत मिळतात आणि भारताला ३३ सेंट. दोघांचाही फायदा! ते १.१२ कसे आले हे मात्र स्लाइडवर नसायचं. त्यातले ५८ सेंट निव्वळ खर्चातली बचत, थोडे सेंट भारतात होणाऱ्या अमेरिकी विक्रीचे आणि परत येणाऱ्या नफ्याचे, आणि ४५ ते ४७ सेंट हे कामावरून निघालेली माणसं दुसरीकडे कामाला लागून जे कमावतील त्याचे. म्हणजे सगळा फायदा एका गृहीतकावर उभा: निघालेला माणूस पुन्हा कामाला लागतो. लागला नाही तर १.१२ चे ६७ सेंट होतात, आणि अमेरिकेचा हिशेब तोट्यात जातो.

लागतो का? काही लागतात, काही लागत नाहीत, आणि लागले तरी पगार पहिल्याइतका नसतो. चीन डिसेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आला. २००० ते २०१० या दशकात अमेरिकी कारखान्यांतल्या नोकऱ्या १ कोटी ७० लाखांच्या वरून १ कोटी १५ लाखांच्या आसपास उतरल्या. सगळा दोष चीनचा नव्हता. यंत्रं होती, २००८ ची मंदी होती. डॅरन असेमोग्लू, डेव्हिड ऑटर या अर्थतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिनी आयातीचा वाटा वेगळा काढला, तो १९९९ ते २०११ या काळात २० ते २४ लाख नोकऱ्यांचा निघाला. त्याहून मोठी गोष्ट त्यांनी दाखवली ती वेगळीच. पुस्तकी अर्थशास्त्र म्हणत होतं की एका गावातली फर्निचरची फॅक्टरी बंद झाली तर लोक दुसऱ्या गावी जातील, दुसरं काम धरतील. लोक गेलेच नाहीत. घर तिथे, म्हातारी आई तिथे, घराचं कर्ज तिथे. गावातले पगार वर्षानुवर्षं दबलेले राहिले, अपंगत्वाच्या भत्त्याचे अर्ज वाढले. स्वस्त टीव्ही आणि टी-शर्टचा फायदा साऱ्या अमेरिकेत पातळ पसरला. नोकरी जाण्याचा घाव मोजक्या गावांवर पूर्ण वजनाने पडला. शिवाय तिथल्या माणसाला कंबर मोडून द्यावी लागणारी बिलं टीव्हीची नसतात. ती दवाखान्याची, कॉलेजची आणि घराची असतात, आणि ती काही चीनमधून स्वस्तात येत नाहीत.

सेवाक्षेत्राचं चित्र थोडं निराळं आहे. तिथे साध्या प्रोग्रामरच्या जागा घटल्या, पण सॉफ्टवेअर डेव्हलपर म्हणून मोजल्या जाणाऱ्यांच्या वाढल्या. डेटा एंट्री, टेलिफोन ऑपरेटर हे वर्ग आटले, पण ते आउटसोर्सिंगने किती आणि संगणकाने किती हे वेगळं काढणं कठीण. २००४ मध्ये बुश यांचे आर्थिक सल्लागार ग्रेगरी मॅन्क्यू दीर्घकाळात आउटसोर्सिंग बहुधा फायद्याचंच, असं म्हणाले आणि दोन्ही पक्षांचे लोक त्यांच्यावर तुटून पडले. पुस्तकाच्या दृष्टीने ते बरोबर होते. पण दीर्घकाळापर्यंत घरभाडं कोण भरणार, हे त्यांनी सांगितलं नाही.

ते भाडं भरायची व्यवस्था अमेरिकेत होती, हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही. आयातीमुळे नोकरी गेलेल्याला प्रशिक्षण आणि भत्ता द्यायची योजना तिथे १९६२ पासून होती. पण ती वस्तू बनवणाऱ्यांसाठी. सेवाक्षेत्रातले लोक तिच्यात २००९ मध्ये आले, तोवर कॉल सेंटरं आणि बॅक ऑफिसं कधीच निघून गेली होती. आणि १ जुलै २०२२ पासून तिच्यात नवे अर्ज घेणंच थांबलं, कारण तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, मुदत वाढवली नाही. माझ्या मते तिकडच्या रागाचं खरं मूळ इथे आहे. काम गेलं याचा राग असतोच, पण जाताना कोणी हात धरला नाही याचा जास्त असतो.

केटीत, म्हणजे नॉलेज ट्रान्सफरमध्ये, हे समोर दिसतं. जिचं काम जाणार तीच इकडच्या मुलामुलींना ते शिकवते. शेवटच्या तारखेपर्यंत थांबली आणि केटीवर सही झाली तरच तिला कंपनीकडून जादा पैसे मिळतात, असं तिच्या पत्रात लिहिलेलं असतं. अशा एका बाईंच्या केटीत मी बसले होते. आधी त्या मॅन्युअलमधलं वाचून दाखवत होत्या, सुरात काही नाही. मग आमच्या एका पोरीने विचारलं की नवजात बाळाचा क्लेम पहिला महिनाभर आईच्या मेंबर नंबरवर येतो, मग जुळी असली तर? बाई थांबल्या. टेबलाच्या खणातून एक वही काढली. जुळ्यांची दोन बिलं एकाच तारखेची, एकाच आईच्या नंबरवर, एकाच कोडची येतात, म्हणून सिस्टिम दुसरं बिल डुप्लिकेट समजून नाकारते. अशा वेळी कुठला स्क्रीन उघडून काय पाहायचं, ते त्यांनी स्वतः कधीतरी शोधून लिहून ठेवलं होतं. मॅन्युअलमध्ये ते नव्हतं. त्या वहीत अशी पानंच्या पानं. तो सगळा आठवडा त्यांनी ती वही पानामागून पान आमच्या पोरींना सांगितली. का सांगितली, कोण जाणे. करारात तसं कुठे नव्हतं. पुढे त्या एका दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात लागल्या, पहिल्यापेक्षा कमी पगारावर, असं कळलं. आमच्या अहवालात त्या आठवड्यासमोर हिरवा ठिपका पडला.

ही वही लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे. तुमच्या मुलीच्या भवितव्याचा प्रश्न तिच्याशी जोडलेला आहे.

त्याआधी नागपूरकर म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याला वाटतं की हे आयटीबरोबर आलेलं नवं संकट आहे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. तिने इथला कापूस मुंबईमार्गे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना नेला आणि लँकेशायरचं कापड इथे आणलं. कोष्ट्यांच्या मागांवरचं काम परदेशी गेलं, आणि त्यांना कुठला भत्ता नव्हता. मग जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला इथे एम्प्रेस मिल सुरू केली, यंत्रं विलायती आणि कापूस शेजारचा. आता बोंबलायची पाळी लँकेशायरची आली. आपल्या गिरण्यांतल्या मजुरांच्या तासांची त्यांना एकदम काळजी वाटायला लागली. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यामागे त्या काळजीचाही हात होता. पुढे १८९६ मध्ये भारतीय गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला गेला, तो लँकेशायरच्या दबावाखाली. तो १९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकला. आज वॉशिंग्टनमध्ये जे चाललं आहे ते ऐकताना मला हे आठवतं.

आणि एम्प्रेस मिल बंद पडली ती काही परदेशामुळे नाही. १९८६ मध्ये ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये कायमची मिटली. देशभर अशा गिरण्यांचं विणकाम भिवंडी-इचलकरंजीच्या पॉवरलूमकडे सरकलं होतं, जिथे मजुरी कमी आणि कायदे ढिले. तेही आउटसोर्सिंगच, फक्त पासपोर्ट लागला नाही. मिलच्या जागेवर आज मॉल आहे. मिल कामगारांची मुलं कुठे गेली याचा कोणी नीट अभ्यास केला तर त्या अमेरिकी गावांसारखंच काही हाती लागेल, असा माझा अंदाज आहे.

आपल्याकडून जाणाऱ्या कामाकडेही आपण बघत नाही. २०२४-२५ मध्ये चीनबरोबरचा आपला व्यापारातला तुटवडा ९९ अब्ज डॉलरच्या वर गेला. हिंगणा आणि बुटीबोरीत चार वर्कशॉप हिंडा. पूर्वी स्वतः सुटे भाग बनवणारा उद्योजक आज ते मागवतो, डब्यात घालतो, वर आपला शिक्का मारतो. त्याचा धंदा कदाचित वाढलाही असेल. पण खराद चालवणारा माणूस घरी गेला, आणि तो कुठल्याच आकड्यात आला नाही. त्याला केटी नाही, जादा पैसे नाहीत. इतवारीतली दिवाळीच्या माळांची दुकानं पाहिली तरी कळेल. कापसाचं तर विचारूच नका: ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत काढून टाकलं. गिरण्यांना कच्चा माल स्वस्त, आणि यवतमाळच्या शेतकऱ्याच्या बोंडांना हमीभावही खुल्या बाजारात मिळेना. कपडे बनवणाऱ्याची नोकरी वाचवायची की कापूस पिकवणाऱ्याचा भाव, यात दोघंही आपलेच.

मग या आयटीच्या कामाचा, आयटीत नसलेल्या माणसाला काही उपयोग आहे का? आहे, आणि तो बहुतेकांना दिसत नाही. या उद्योगात देशभरात ५८ लाखांच्या आसपास लोक आहेत. काम करणाऱ्या भारतातल्या शंभरात एकही पुरा भरत नाही. म्हणून "आयटीने भारत बदलला" हे रोजगाराच्या अंगाने खरं नाही. पण २०२४-२५ मध्ये सेवांची निर्यात ३८७ अब्ज डॉलरची झाली, आणि तिचा मोठा भाग हाच आहे. वस्तूंच्या व्यापारात आपण त्याच वर्षात २८० अब्जांच्या वर तुटवड्यात होतो. तेल, सोनं, चिनी मोबाइलचे भाग यांचे डॉलर शेवटी कुठून तरी यावे लागतात. १९९१ मध्ये ते नव्हते. जेमतेम तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले होते आणि सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण गेलं. आज सक्करदऱ्यातल्या ऑटोवाल्याच्या गॅसचा भाव आणखी भडकत नाही, त्यात रात्री जागणाऱ्या तुमच्या मुलीचाही वाटा आहे. तिला कोणी हे सांगत नाही, तुम्ही सांगा.

शहराच्या पातळीवर मात्र वाटणी सरळ झाली नाही. मिहानसाठी जमिनी गेल्या त्या शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगावच्या. त्या घरांतल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला सिक्युरिटी, हाउसकीपिंग आणि कॅबचं स्टीअरिंग आलं. वर्धा रोड, बेसा, बेलतरोडीच्या प्लॉटचे भाव चढले, आणि त्याचा मलिदा ज्यांनी आधी जमीन धरून ठेवली त्यांनी खाल्ला. ३२ हजारांच्या मुलीला आज त्याच भागात फ्लॅट घ्यायचा तर हप्ता तिच्या पगाराच्या निम्म्यापुढे जातो. म्हणजे तिच्या नोकरीने शहर महाग केलं आणि मग तिलाच ते परवडेनासं झालं.

आता हे काम उठेल का? अमेरिकेत सप्टेंबर २०२५ मध्ये दोन गोष्टी झाल्या. नव्या एच-१बी व्हिसासाठी १ लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला, आणि परदेशी सेवांच्या बिलावर २५ टक्के कर लावायचं एक विधेयक सिनेटमध्ये मांडलं गेलं. व्हिसाच्या शुल्काने उलट काम इकडेच जास्त येईल, कारण माणूस तिकडे नेणंच महाग झालं. विधेयकाचा हिशेब आपल्याच आकड्यांवर करून पाहा. १२ डॉलरवर २५ टक्के म्हणजे १५. त्या खर्चावर करात वजावटही मिळू द्यायची नाही असं त्यात आहे, ते धरलं तरी १९ च्या आसपास. अमेरिकेतला खर्च ३०. अशा कराने दुखेल, काही करार लांबतील, दर खाली ओढले जातील, पण काम परत जायला एवढं पुरत नाही.

मला जास्त भीती सॉफ्टवेअरची आहे. सरळ क्लेम, म्हणजे कोड जुळतात, तारीख जुळते, पॉलिसी चालू आहे, हे आता माणसाच्या हाताला न लागताच निकाली निघतात. हे प्रमाण दर नव्या करारात वाढतं. पूर्वी माझ्याकडे "इतकी माणसं हलवा" अशी मागणी यायची. आता "इतके क्लेम निकाली काढा, माणसं किती ते तुमचं तुम्ही बघा" अशी येते. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये साधारण दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास लोक कमी करायचं जाहीर केलं, तेव्हा मिहानच्या कॅन्टीनमध्ये तर्री पोहा निवत होता आणि पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. आपल्याकडे काम जाताना अमेरिकेइतकंही कोणी हात धरत नाही. "राजीनामा द्या, अनुभवाचं पत्र चांगलं देऊ" एवढंच सांगितलं जातं, आणि पोरं घाबरून देतात. देऊ नये. लेखी मागावं, नोटीस पगार मागावा, आणि सही करण्याआधी कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवावं. तासाभराची फी जाईल.

दुसऱ्या बाजूला, वर चढलेलं कामही इथेच दिसतं. मिहानमध्ये दासो-रिलायन्सचा कारखाना फाल्कन विमानांचे भाग करत होता. जून २०२५ मध्ये फाल्कन २००० हे अख्खं विमान इथे बांधायचा करार जाहीर झाला, पहिलं २०२८ पर्यंत बाहेर पडायचं आहे. आणि परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रं, ज्यांना जीसीसी म्हणतात, ती २०२४ मध्ये देशात १,७०० च्या वर होती, १९ लाख लोक त्यांत होते. तिथे मधला ठेकेदार नाही, म्हणून तो सव्वा लाखाचा तुकडा थोडा तरी माणसाकडे सरकतो. नागपुरात ती अजून कमी. मुलीने डोळा त्यांच्यावर ठेवावा.

तर मुलीने करायचं काय. ती वही. सरळ क्लेम संगणक घेणार हे धरून चाला. जुळ्यांचा, चुकीच्या कोडचा, दोन पॉलिसी असलेल्या नवराबायकोचा, अपिलात गेलेला क्लेम, म्हणजे जिथे सिस्टिम अडखळते ते सगळं तिने स्वतः लिहून ठेवावं आणि तशा रांगेत काम मागून घ्यावं. तिथे टार्गेट पूर्ण करायला त्रास होतो, म्हणून मुलं टाळतात. तिने टाळू नये. कोडिंगची अमेरिकी परीक्षा दिली नसेल तर द्यावी, कंपनी फी परत देते का विचारावं. तिकडच्या ग्राहकाच्या साप्ताहिक कॉलमध्ये बसायला मिळेल अशी खटपट करावी. नुसतं ऐकायला मिळालं तरी चालेल. पगारवाढ तिथे ओळख झालेल्यांना आधी मिळते, हा माझा अनुभव आहे.

आणि तुम्ही एक करा. तिला विचारा की तिचा करार कुठल्या ग्राहकाचा आहे आणि नूतनीकरण कधी आहे. असले करार बहुधा तीन ते पाच वर्षांचे असतात, आणि खरी उलथापालथ नूतनीकरणाच्या आधीच्या सहा-आठ महिन्यांत होते, कारण तेव्हाच नवा दर आणि कमी माणसं ठरतात. टीम लीडरला तारीख ठाऊक असते, विचारलं तर सांगतात. बेलतरोडीच्या फ्लॅटचं टोकन तुम्ही देणार आहात असं प्रश्नाच्या शेवटी लिहिलं आहे. ती तारीख कळल्याशिवाय देऊ नका, आणि कर्ज एकट्या तिच्या नावावर तर मुळीच काढू नका.